पाचौली (पाच): नागभीडकडे जमेल का? सावली, सूत्रकृमी, सुकवणी आणि भट्टी

बोडीकाठ:
राम राम मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात दीड एकर ओलिताचं वावर आहे. जमीन तांबूस, मुरमाड, थोड्या उताराची. खालच्या अंगाला धानाच्या बांध्या आणि बोडी (पाणी साठवायचं छोटं तळं). विहिरीला जानेवारीपर्यंत पाण्याची ददात नाही, पण मे महिन्यात ३ एचपीची मोटर दीड-दोन तासांवर चालत नाही. पाचौलीची, म्हणजे अत्तराच्या तेलाच्या पिकाची, रोपं विकणारी एक कंपनी गावोगाव सभा घेते आहे. म्हणणं असं की एकरी १५ हजार रोपं लावा, उघड्यावर येते, वर्षाला तीन कापण्या मिळतात, तेल आम्ही घेऊ. हे कितपत खरं? आणि तेल काढायला गावातली गवती चहाची भट्टी चालेल का? मोघम नको, आकड्यात सांगा.

रोपवाट:
आधी झाड कोणतं ते पक्कं करा. तेलाची पाचौली म्हणजे पोगोस्टेमॉन कॅब्लिन. तुळशीच्या कुळातली, मूळची फिलिपिन्स-इंडोनेशियाकडची. आपल्याकडे हारात मरवा-दवण्यासोबत जी पाच गुंफतात ती बऱ्याचदा जवळची दुसरी जात असते, पोगोस्टेमॉन हेनिएनस. तिचंही पान वासाचं असतं, पण तेल कमी निघतं आणि अत्तराच्या बाजारात त्याला पाचौलीचा भाव नाही. ओळख सोपी: हेनिएनसला तुरे येतात, बी धरतं. कॅब्लिन आपल्याकडे सहसा फुलत नाही, म्हणून तिचा सगळा वाढावा फाटे कलमांवर. कोणी 'पाचौलीचं बियाणं' विकत असेल तर तिथूनच परत फिरा.

लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेचं 'सिम-समर्थ' हे वाण या पिकात माहितीचं आहे. 'जोहोर' आणि 'सिंगापूर' हे जुने प्रकारही चालतात. रोपं देणाऱ्याकडून वाणाचं नाव बिलावर लिहून घ्या. तोंडी नावाला अर्थ नाही.

१५ हजार हा आकडा ४५ × ६० सेंमी अंतराचा आहे. ६० × ६० वर एकरी ११ हजारांच्या थोडं वर रोपं बसतात. दाट लावलं की पावसाच्या झडीत खालची पानं सडतात आणि रोपविक्रेत्याचा धंदा मात्र एका दमात एक-तृतीयांशानं वाढतो. मुरमाड जमिनीत, गादीवाफ्यावर, ६० × ६० पुरे.

पानपिंपरी:
उघड्यावर येते म्हणे! काहून नाही येणार, डिसेंबरात सगळंच येते. एप्रिलात पाहा मग.

या झाडाले २४ ते २८ अंश तापमान, हवेत ७० टक्क्यांच्या वर ओल अन् सारखा शिडकावा लागते. चंद्रपूर-नागपूरचा मे म्हणजे ४५ अंश अन् कोरडी झांज. उघड्यावर पान लहान, जाड, लालसर होते, कडा करपतात. अशा पानात तेलाचं प्रमाण टक्क्यात जरा जास्तही भरते, पण पानच नसलं तर टक्का घेऊन करता काय? अर्धी सावली पाहिजेच.

सावलीचं तंत्र आपल्याकडे नवं नाही. अंजनगाव सुर्जी-अकोट पट्ट्यात पानमळे अन् पानपिंपरी हेटा (हदगा), शेवरी, पांगाऱ्याच्या सावलीतच होतात. तेच इथं करा. हेटा किंवा शेवरी जूनच्या पहिल्या पावसावर दर दोन सऱ्या सोडून टोबा, पश्चिमेच्या धुऱ्यावर दोन ओळी दाट. ऑक्टोबर संपता संपता फांद्या छाटून ऊन मोकळं करा, फेब्रुवारीपासून पालवी वाढू द्या. थंडीत सावली ठेवली तर वाढ बसून जाते, तशीही १० अंशाखाली रात्र गेली की हे झाड थांबूनच राहते.

एक मोठी गोष्ट राहिली: जिथं पानवेल, वांगी, टमाटे, भेंडी, मिरची घेतली त्या वावरात पाचौली लावूच नका. मुळावरच्या गाठीचा सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारा धाग्यासारखा सूक्ष्म किडा, या पिकाचा काळ आहे.

बोडीकाठ:
सावलीला शेडनेट चालेल का? हेटा वाढायला वर्ष जाईल. आणि मागं दोन हंगाम त्याच तुकड्यात वांगी होती.

रोपवाट:
वांगी होती तर सूत्रकृमी आहेच असं धरा. जुन्या वांग्याचं एखादं धसकट उपटून मुळं धुऊन पाहा. मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर शंकाच नको. पाचौलीत लक्षण असं दिसतं: झाड खुरटतं, पानं पिवळी-जांभळी पडतात, ओल असूनही दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं. लोक पाणी कमी पडलं म्हणून पाणी वाढवतात, मूळ आणखी सडतं. खरं तर गाठींमुळे मूळ पाणी ओढतच नसतं.

आता उपाय. आपला उन्हाळा इथं कामाचा आहे. एप्रिलच्या सुरुवातीला वाफे तयार करून भरपूर ओलवा, वर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद (काळा नव्हे) घट्ट अंथरा, कडा मातीनं दाबा आणि ५-६ आठवडे हात लावू नका. ओल्या मातीत उष्णता खोल जाते, कोरड्यात जात नाही, म्हणून आधी ओलवणं सोडू नका. त्यानं वरच्या थरातले सूत्रकृमी, बुरशी आणि तणाचं बी बरंच मरतं. पूर्ण साफ होत नाही, खोलवरचे राहतातच. म्हणून लागवडीआधी एकरी ५ टन कुजलेलं शेणखत आणि ३०० ते ४०० किलो निंबोळी ढेप मिसळा. ढेप १५ दिवस आधी, कोवळ्या मुळाशी ताजी नको. पर्प्युरिओसिलियम ही सूत्रकृमीवर जगणारी बुरशी आणि ट्रायकोडर्मा, दोन्ही ओलसर शेणखतात आठवडाभर सावलीत वाढवून मग सरीत द्या. मात्रा पाकिटावरची, कारण प्रत्येकाची ताकद वेगळी असते.

पण हे सगळं करून रोपच गाठी घेऊन आलं तर? रोगाची खरी वाट तीच. ट्रकमधून रोपं उतरवताना शंभरात चार-पाच पिशव्या फोडा, मुळं बादलीत धुवा. एकाही मुळावर गाठ दिसली तर ट्रक परत. पाहू देत नसतील तर घेऊ नका.

शेडनेट चालतं. ५० टक्क्यांचं, १० ते १२ फूट उंच. सात फुटांवर बांधलं की खाली भट्टी होते, हवा फिरत नाही. एप्रिल-मेची वावटळ पहिल्यांदा पश्चिमेची बाजू उचलते, म्हणून त्या बाजूला ताण-तारा दुप्पट. खर्च जड जातो म्हणून पहिल्या वर्षी नेट आणि त्याखालीच हेटा, असं केलं की पुढं नेट नर्सरीला मोकळं होतं.

बहार_ताण:
विषय निघालाच आहे तर विचारतो. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत आयती सावली आहे. आंतरपीक म्हणून पाचौली लावा असं इकडेही सांगत फिरतात. कोणी नीट विचार केला आहे का?

रोपवाट:
केला आहे आणि उत्तर नाही असंच आहे. आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडावं लागतं, मृगाला मे महिन्यात. त्या ताणाशिवाय फूल एकसारखं निघत नाही. पाचौलीला नेमकं उलट, एक पाळी चुकली की पानं गळतात. एकाच वाफ्यात दोघांचं पाणी जमत नाही. शिवाय बुंध्याजवळ कायम ओल राहिली की डिंक्या आणि मूळकूज आलीच. संत्र्याचं मूळ वर वर असतं, पाचौलीची खांदणी त्यालाही तोडते. नवीन बागेत, बहार धरायच्या आधीची दोन-तीन वर्षं, असा कोणी युक्तिवाद करेल. पण तेव्हा सावली कुठं असते?

बांबूच्या रांजीखाली मुळांची गर्दी, सागाखाली उन्हाळ्यात पानगळ, म्हणजे गरज असते तेव्हाच सावली गायब. शेवगा त्यातल्या त्यात बरा, हलकी सावली देतो.

बहार_ताण:
पटलं. ताणाचा मुद्दा कोणी सभेत काढतच नाही.

पानपिंपरी:
पाण्याचा हिशोब पण मांडून टाकू, कारण तिथंच बरेच फसतात. मे महिन्यात अर्ध्या सावलीत दिवसाला ४ ते ५ मिमी पाणी पकडा. एकराले १ मिमी म्हणजे ४ हजार लिटर. तर एकरी रोज १६ ते २० हजार लिटर. बोडीकाठ भाऊ, तुमची मोटर दीड-दोन तासात किती काढते ते २०० लिटरचं टिपाड लावून घड्याळात मोजा. ताशी १२-१५ हजार लिटर धरले तर सगळं पाणी एका एकरात जाईल, दुसऱ्या पिकाले थेंब नाही. तुमाले अर्धा एकरच झेपते. त्याले ८ ते १० हजार लिटर रोज, ठिबकनं, सकाळी एकदा अन् दुपारी एकदा वाटून.

वाफ्यावर तणसाचं आच्छादन चार बोटं टाका. धानाची तणस तुमच्याकडे आहेच. बुंध्याला चिटकवू नका, उधई लागते.

बोडीकाठ:
अर्धा एकर पक्कं. आता लागवडीचा महिना सांगा. कंपनीवाले म्हणतात कधीही लावा.

रोपवाट:
कलमापासून सांगतो, कारण दुसऱ्या वर्षी तुम्ही स्वतःच रोपं करणार.

निरोगी, मोझाइक या विषाणूरोगाचे पिवळे ठिपके नसलेलं मातृझाड निवडा. शेंड्याकडचा १० ते १२ सेंमीचा, ४-५ पेरांचा तुकडा. फार कोवळा नको, तो मान टाकतो. तपकिरी लाकूड झालेलाही नको, त्याला मूळ उशिरा फुटतं. खालची पानं काढा, वर दोन-तीन ठेवा, मोठी असली तर अर्धी कापा. खालचा छेद पेराच्या लगेच खाली. मुळं फुटायला आयबीए हे संप्रेरक, १००० पीपीएम म्हणजे लिटरला १ ग्रॅम. ते पाण्यात थेट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाण्यात टाका. बुडखा ५ ते १० सेकंद बुडवला की पुरे. ४ × ६ च्या पिशवीत माती, रेती, शेणखत समान आणि ही माती आधी प्लास्टिकखाली तापवलेली. ७० टक्के सावली, दिवसातून तीन-चारदा हलका फवारा. तीन आठवड्यांत मुळं, दीड ते दोन महिन्यांत रोप तयार.

कलमं मरण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: पिशवीत पाणी तुंबणं. पान ओलं हवं, माती नुसती दमट.

आता हंगाम. जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा, एक फूट उंच गादीवाफ्यावर. उताराला आडवी सरी आणि शेवटी पाणी निघायला चर. झडीत दोन दिवस पाणी साचलं की झाड पिवळं पडतं, आठवड्यात मूळकुजीनं जातं. काळ्या भारी जमिनीत म्हणूनच लावू नये.

खत एकरी वर्षाला ६० किलो नत्र, २० स्फुरद, २० पालाश. स्फुरद-पालाश सगळं लागवडीला, नत्र दर कापणीनंतर आणि मधे एकदा, असं वाटून. नत्र एकदम टाकलं की पान लुसलुशीत होतं आणि पान गुंडाळणारी अळी तुटून पडते. तिच्यावर ५ टक्के निंबोळी अर्क किंवा बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूंचं औषध). रासायनिक कीटकनाशकाच्या बाबतीत हे ध्यानात ठेवा की बरीचशी औषधं तेलात विरघळतात आणि पानातून तेलात उतरून तिथं दाट होतात. कापणीआधी महिनाभर फवारणी बंद.

भट्टीकाम:
कापण्यांबद्दल मी लिहितो, कारण कापणीचा महिना पावसावर नाही, सुकवणीवर ठरतो.

तीन कापण्या हा केरळ-कर्नाटकाकडचा हिशोब आहे. तुमच्याकडे दोनच धरा. जुलैत लावलं तर पहिली कापणी नोव्हेंबरअखेर, म्हणजे पाच महिन्यांची. दुसरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात. मार्चनंतर कात्री खुंटीला. उन्हाळ्यात झाडावर पानांचा झाकोळ राहिला पाहिजे, नाहीतर खोड करपतं. जुलै-ऑगस्टमध्ये फुटवा जोरात असतो, मोह होतो, पण पावसात कापलेलं पान सुकतच नाही. दोन दिवसांत खाली काळं पडतं, पांढरी बुरशी येते, आणि त्या तेलाला मातकट नव्हे, कुबट वास येतो. तो भट्टीत जात नाही आणि मुरवूनही जात नाही. पुढची कापणी ऑक्टोबरअखेर.

खालची पानं फिकट हिरवी व्हायला लागली, वाफ्यातून चालताना कपड्याला वास लागतो, ती वेळ. सकाळचं दव उडाल्यावर कापा. जमिनीपासून १५ ते २० सेंमी ठेवून, आणि प्रत्येक झाडाची एक पानासकट फांदी शाबूत ठेवून. सगळं सपाट छाटलं की फुटायला वेळ लागतो आणि मर वाढते.

ओलं पान वाळून पाचव्या हिश्श्यावर येतं. अर्ध्या एकराच्या एका कापणीला ८००-१००० किलो ओला पाला धरला तर वाळून १५० ते २००. एका चौरस मीटरवर ५ किलोहून जास्त ओला पाला पसरू नका, म्हणजे सगळं एकदम कापलं तर २०० चौरस मीटर सावली लागेल. ती कोणाकडे असते? म्हणून तीन-चार टप्प्यांत कापा, किंवा बांबूचे तट्टे एकावर एक दीड फुटाच्या अंतरानं चार थरांत लावा. टिनाच्या शेडमध्ये वरच्या थरात ताप जास्त, तिथं रोज थर बदला. दिवसातून दोन-तीनदा उलथणं हवं. उन्हात वाळवू नका, वरचं तेल उडतं.

नोव्हेंबरात ४ ते ६ दिवस लागतात, मार्चमध्ये २-३. मार्चमध्ये उलटा धोका, पान कुरकुरीत होऊन भुगा होतो आणि भुगा भट्टीत वाफेची वाट बंद करतो. काडी मोडताना कट् वाजावी, पान मात्र दुमडावं, चुरा होऊ नये. एवढं झालं की पोत्यात भरून आठवडा-दोन आठवडे कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकच्या गोणीत नको, आत घाम धरतो.

बोडीकाठ:
पण ओलंच का नाही टाकायचं? गवती चहा तर कापला की त्याच दिवशी टाकतात.

भट्टीकाम:
प्रश्न बरोबर आहे. पाचौलीचं तेल नुसतं पानाच्या वरच्या ग्रंथीत नसतं, आतल्या पेशींतही असतं. ओल्या पानावर वाफ सोडली तर वरवरचं निघतं, आतलं तसंच राहतं. वाळताना आणि पोत्यात थोडं मुरताना पेशींच्या भिंती तुटतात, मग वाफ आत पोचते. ओल्या पाल्यानं टाकीही फुकट भरते, पाचातला चार हिस्सा पाणीच.

आता गावातल्या भट्टीचं. तीन गोष्टी पाहा.

एक, टाकी कशाची. साध्या लोखंडाची किंवा गंजलेली असेल तर विसरा. पाचौलीच्या तेलातले घटक लोखंडाशी धरतात आणि तेल गडद तपकिरी, कधी काळपट होतं. वास तितका बिघडत नाही, पण भाव पडतो. स्टेनलेस स्टीलची टाकी, झाकण, वाफनळी आणि कंडेन्सर (वाफ थंड करणारा भाग), सगळंच. नुसती टाकी स्टीलची आणि मान लोखंडाची असली तरी रंग येतो, ही चूक फार जागी पाहायला मिळते. झाकणाला रबराची गास्केट असेल तर बदलून टेफ्लॉनची बसवा, तापलेल्या रबराचा वास तेलात उतरतो.

दोन, आधी काय काढलं. गवती चहाचा लिंबासारखा वास जड तेलाला हमखास चिकटतो. टाकी घासून, रिकामी ठेवून दीड-दोन तास वाफ सोडा, कंडेन्सरमधून येणारं पाणी हुंगा. वास येतोय तोवर थांबू नका.

तीन, वाफ कुठून येते. खाली पाणी आणि वर जाळीवर पाला, तळाला जाळ, अशी भट्टी असेल तर जाळी आणि पाण्यात वीतभर अंतर हवं. उकळतं पाणी पाल्याला लागलं की करपट वास. वेगळा बॉयलर असेल तर उत्तम, पण त्याची तपासणी झालेली असावी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हातानं उचलून पाहावा. व्हॉल्व्हला दगड बांधून दाब वाढवणारे महाभाग आहेत, त्यांच्या भट्टीवर जाऊच नका.

१००० लिटरच्या टाकीत साधारण १०० किलो वाळला पाला बसतो. जाड काड्या काढून टाका, त्यात तेल नसल्यासारखंच. थराथरानं भरा, कडेनं हातानं दाबा. मधे पोकळी राहिली तर वाफ तिथूनच पळते आणि कडेचा पाला कोराच निघतो. निकामी पाला बाहेर काढल्यावर कडेच्या आणि मधल्या पाल्याचा वास घेऊन पाहा, भरणी कशी झाली ते लगेच कळतं.

वेळ ६ ते ८ तास. गवती चहावाला दोन-अडीच तासांत जाळ विझवायच्या सवयीचा असतो, आणि इथंच माल मरतो. सुरुवातीला हलके घटक येतात, तेल पातळ. पाचौलीचा जीव पॅचौलॉल, तो जड, तो उशिरा येतो. चार तासांवर थांबलात तर तेल कमी आणि शिवाय पॅचौलॉलही कमी, म्हणजे दोन्हीकडून मार. सहा तासांनंतर दर अर्ध्या तासाला काचेच्या ग्लासात पाणी धरा. वर तवंग दिसेनासा झाला की बंद.

सरपणाचा अंदाज: ताशी ४० किलो वाफ, आठ तास, तर सव्वाशे किलोच्या आतबाहेर वाळलं लाकूड. पऱ्हाट्या-तुराट्यांवरही चालते, पण त्या भडकन् जळतात, एक माणूस सतत चुलीपाशी लागतो. वाफ कमी-जास्त झाली की तेल खेचून यायचं थांबतं. थंड पाणी विसरू नका: एक किलो वाफ थंड व्हायला, पाणी २५ अंशांनी तापू दिलं तर, २०-२२ लिटर पाणी लागतं. म्हणजे ताशी ९०० लिटर. ते टाक्यात फिरवून परत वापरा. मार्चमध्ये टाकं सावलीत हवं.

गंधपारखी:
तेल-पाणी वेगळं करण्याबद्दल एक भर. पाचौलीच्या तेलाची घनता ०.९५ ते ०.९७५, म्हणजे पाण्याहून थोडीच हलकी. गवती चहाचं तेल झटकन वर येतं, हे येत नाही. कंडेन्सरचं पाणी फार गार केलं तर तेल दाट होऊन थेंब पाण्यातच तरंगत राहतात, दुधी पाणी सेपरेटरमधून सरळ बाहेर जातं. बाहेर पडणारं पाणी हाताला कोमट लागेल असं ठेवा आणि सेपरेटर मोठा, म्हणजे पाणी त्यात सावकाश फिरेल. सांडपाणी एका टिपाडात रात्रभर ठेवा, सकाळी वर जे सापडेल ते वेगळ्या बाटलीत.

मग तेल दोन दिवस निवू द्या, तळाचं पाणी काढा, निर्जल सोडियम सल्फेट किलोमागे २०-२५ ग्रॅम टाकून हलवा, गाळा. मीठ वापरणारेही आहेत, पण ते पाणी अर्धवटच ओढतं. अॅल्युमिनियमच्या डब्यात किंवा गडद काचेत, गळ्यापर्यंत भरून, अंधारात. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत भरून आणलेलं तेल परत न्यावं लागतं.

ताज्या तेलाला हिरवट, थोडा उग्र वास असतो. चार-सहा महिने मुरलं की तो बसतो आणि गोड-मातकट, लाकडी वास वर येतो. म्हणून कापणीनंतर लगेच विकायची घाई असेल तर थोडा भाव सोडावा लागतो. धीर असेल तर हे तेल जुनं होऊन बिघडत नाही, सुधारतं. अत्तरात ते बाकीचे उडते वास धरून ठेवतं, त्याचं मोल त्यासाठीच.

घेणारा पहिल्यांदा गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक मोजायची चाचणी, मागतो. पॅचौलॉल ३० टक्क्यांच्या आसपास किंवा वर हवं. २५ च्या खाली घासाघीस. प्रकाश वळवण्याचा कोन उणे बाजूला येतो, साधारण −४० ते −६०. गुर्जन तेल किंवा देवदार तेल मिसळलं की आकडे हलतात आणि गुर्जन तर क्रोमॅटोग्राफीत उघडंच पडतं. भट्टीवाल्याकडे तेल ठेवून येऊ नका, प्रत्येक भरणीचा १०० मिली नमुना सील करून स्वतःकडे ठेवा.

रंग लोखंडामुळे गेलाच असेल तर सायट्रिक किंवा टार्टारिक आम्लाच्या पाण्यानं धुऊन लोह बरंचसं काढता येतं. पण ते दुरुस्तीचं काम, त्यात तेलही घटतं.

बोडीकाठ:
सगळं वाचून झालं. आता उत्पन्नाचं? सभेत एकरी ४० किलो तेल सांगितलं.

भट्टीकाम:
चांगल्या दमट भागात हेक्टरी ६० किलोच्या आसपासचे आकडे छापलेले सापडतील, म्हणजे एकरी २४. सभेवाल्यांचा आकडा त्याच्या दीडपटीहूनही वर चढवलेला आहे. आपल्याकडे दोन कापण्यांत एकरी ६०० ते ८०० किलो वाळला पाला आणि २ ते सव्वादोन टक्के उतारा धरा. तेल १२ ते १८ किलो. तुमच्या अर्ध्या एकराला ६ ते ९. तुमचा हिशोब एवढ्या तेलात सहज बसत असेल तरच लावा. भाव इंडोनेशियाच्या मालावर हलतो, तिकडे पीक जोरात आलं की इथला भाव झोपतो, त्यावर आपला काही इलाज नाही.

अर्ध्या एकरासाठी वर्षात तीन-चार भरण्या. एवढ्यासाठी स्वतःची भट्टी घालणं म्हणजे पाव किलो पोह्यांसाठी गिरणी टाकणं. गवती चहा, रोशा, तुळस असं मिळून वर्षभर भट्टी फिरेल तेव्हाच.

कोरडवाहू:
रोशाचं नाव निघालं म्हणून लिहितो. जुन्या वऱ्हाडात अचलपूर-मेळघाटाकडून रोशाचं तेल निघून मुंबईमार्गे परदेशी जात असे. गुलाबाच्या अत्तरात भेसळीला ते वापरत, इतका त्याचा वास जवळचा. ते गवत आपल्याच रानातलं. सावली नको, उन्हाळी पाणी नको, हलकी जमीन चालते, रोही तोंड लावत नाही. 'मोतिया' प्रकार घ्या, 'सोफिया' नको, त्याला जिरॅनिऑल हा गुलाबी वासाचा घटक कमी. फुलोऱ्यात कापायचं, भट्टी अडीच-तीन तास. ओल्या पाल्यात तेल अर्धा टक्क्याच्या आसपास. तुमच्या दीड एकरातला वरचा एकर पाण्याविना पडून राहणार असेल तर तिथं रोशा आणि विहिरीजवळच्या अर्ध्यात पाचौली. दोन्हीची भट्टी एकच, फक्त मधे टाकी धुवायची.

रोपवाट:
या सूचनेला माझंही अनुमोदन. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन औषधी वनस्पती उद्यानात एकदा जाऊन सुगंधी पिकांविषयी विचारून घ्या, पैसे मोजण्याआधी. आणि कंपनीच्या करारात ही तीन वाक्यं आहेत का ते वाचा: तेल कोणत्या पॅचौलॉल टक्क्याला घेणार, किमान भाव किती, आणि चाचणी कोणाच्या खर्चानं कुठं. नसतील तर तो खरेदीचा करार नाही, रोपांचं बिल आहे.

बोडीकाठ:
करार काढून पाहिला. भावाच्या जागी 'बाजारभावाप्रमाणे', बाकी दोन नाहीत. आणि धसकटं धुऊन पाहिली, गाठी आहेत. मग यंदा तो तुकडा सोडून बोडीच्या वरच्या अंगाला, जिथं फक्त तूर होती, तिथं अर्धा एकर करतो. तूर चालते ना?

पानपिंपरी:
तुरीवरही गाठीचा सूत्रकृमी येते, फक्त वांग्याएवढा माजत नाही. तिचंही मूळ धुऊन पाहा. साफ असलं तरी प्लास्टिक अंथरणं अन् ढेप सोडू नका. वांग्याच्या तुकड्यात यंदा झेंडू दाट लावा, चार महिने उभा ठेवा अन् मग तिथंच गाडा. अन् हो, त्या तुकड्यातलं पाणी वाहून नव्या वाफ्यात येईल असा उतार नाही ना, ते आधी पाहा. फावडंसुद्धा धुऊनच इकडून तिकडं न्या.

बोडीकाठ:
उतार उलट्या बाजूला, बांध्यांकडे आहे. भट्टीचा निकामी पाला मग वाफ्यावर आच्छादन म्हणून चालेल का?

भट्टीकाम:
चालेल, पण थेट नको. भट्टीतून काढलेला पाला गरम आणि चिंब असतो, ढीग केला की आंबतो. पसरून वाळवा, शेणाची स्लरी टाकून दोन-तीन महिने कुजवा, मग टाका. वाळवून दळलेला भुसा धूप-अगरबत्तीवाले मसाल्यात घालायला घेतात, थोडा वास राहिलेला असतो. विचारून ठेवा, पण त्याच्या पैशावर हिशोब मांडू नका.